मेल्विन लाहतीला सायलेन्सर कशाला हवा

(मार्च महिना, पण मिशिगनच्या उत्तर टोकाला मार्च म्हणजे हिवाळाच. मेल्विन लाहतीच्या घरी बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलंय. मेल्विन चौऱ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त गवंडी. आज बुधवार असून, कुणी मेलेलं नसून, त्यानं स्वतःच्या हातानं मुलाला फोन लावलाय. मुलगा ड्वेन, सेहेचाळीस वर्षांचा, आठ तास दक्षिणेला ग्रँड रॅपिड्समध्ये चष्म्याचं दुकान चालवतो. बापलेकांचं बोलणं रविवारी होतं, तेही हवामानापुरतं. घरात एकाच लायनीवर दोन फोन आहेत. दुसरा स्वयंपाकघरात आहे आणि तो ड्वेनच्या आईनं, बेव्हरलीनं, केव्हाच उचललाय.)

ड्वेन: थांबा, थांबा. ठसे म्हणजे बोटांचे?

मेल्विन: दहाही बोटांचे. शाई लावून कागदावर. दोन प्रती लागतात. आणि एक फोटो, पासपोर्टला असतो तसला. त्यात हसायचं नाही.

ड्वेन: बाबा, आज बुधवार आहे.

मेल्विन: माहीत आहे.

ड्वेन: आई बरी आहे ना?

मेल्विन: बरी आहे. भांडी घासतेय.

बेव्हरली: मी फोनवर आहे.

मेल्विन: फोनवर आहे.

ड्वेन: मग माझ्या बोटांचे ठसे कशाला हवेत? काय केलंय तुम्ही?

मेल्विन: अजून काही नाही. रायफलला सायलेन्सर घेतोय.

ड्वेन: कुणाला मारायचंय?

मेल्विन: हरणांना. नेहमीसारखंच.

ड्वेन: आणि हरणांना माझे ठसे दाखवणार?

मेल्विन: कायदा आहे तसा. एकट्याच्या नावावर घेतला, तर मी जवळ नसताना दुसऱ्या कुणी हात लावला की गुन्हा. उद्या तुझ्या आईनं कपाट आवरताना उचलून बाजूला ठेवला, तर ती गुन्हेगार.

बेव्हरली: ते कपाट मी चाळीस वर्षांत आवरलेलं नाही.

मेल्विन: उदाहरण देतोय. म्हणून वकील म्हणाला, कुटुंबाचा ट्रस्ट करा. ट्रस्टमध्ये ज्याचं नाव, त्याचे ठसे, त्याचा फोटो. मग त्यातला कुणीही वापरू शकतो. मी मेल्यावरसुद्धा भानगड नाही.

ड्वेन: आणि तुम्ही माझं नाव घातलंत.

मेल्विन: घातलं.

ड्वेन: न विचारता.

मेल्विन: आता विचारतोय.

ड्वेन: आता ठसे मागताय.

मेल्विन: तेच ते.

बेव्हरली: स्वतःचे ठसे काही जमेनात त्याला. तीनदा जाऊन आला.

मेल्विन: चाळीस वर्षं दगड रचले मी. बोटं गुळगुळीत झाली. शेरीफच्या कचेरीतल्या मुलीनं मन लावून घेतले, दोनदा परत आले. वॉशिंग्टनच्या मते मला बोटं नाहीत.

बेव्हरली: ती म्हणाली, रात्री लोशन लावून झोपा, कातडी मऊ होते. घरात लोशन नव्हतं, लोणी होतं.

मेल्विन: कुत्रं रात्रभर हात चाटत बसलं.

ड्वेन: बाबा, मला काही कळत नाहीये. पन्नास-साठ वर्षं तुम्ही उघड्या कानानं बंदूक झाडली. तुमच्या शिकारीच्या कॅम्पवर कुणी कानात बोळे घातले की तुम्ही त्याला विणकामाच्या सुया आणून द्यायचात. खरोखरच्या सुया. आईच्या.

बेव्हरली: त्यातली एक जोडी परत आलीच नाही.

ड्वेन: आणि आता सायलेन्सर. का?

मेल्विन: कारणं आहेत.

ड्वेन: सांगा.

मेल्विन: शेजारी. ती डेट्रॉइटहून आलेली प्रिसिला. तिच्याकडे ती जनावरं आहेत, लोकरीची, उंटासारखी. मी कुंपणाच्या अलीकडे निशाणा तपासायला चार गोळ्या झाडल्या की ती सगळी एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर थुंकत बसतात.

ड्वेन: तुम्ही तिला दोन वर्षं उंटवाली म्हणताय. तिच्या जनावरांची काळजी कधीपासून वाटायला लागली?

मेल्विन: ती केक घेऊन आली. म्हणाली, तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये, पण पुढच्या वेळी आधी सांगाल का? शिव्या घेऊन आली असती तर परवडलं असतं. केक आणल्यावर माणसानं काय करायचं?

बेव्हरली: खाल्ला त्यानं. सगळा.

ड्वेन: बरं. शेजारीण झाली.

मेल्विन: मग कुत्रं. पहिला बार झाला की सौनाच्या वाफेच्या खोलीत फळ्यांखाली घुसतं ते संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. शिकारी कुत्रं आहे. लोकांना काय सांगायचं?

ड्वेन: नऊ वर्षं घुसतंय ते.

मेल्विन: तेच म्हणतो मी. मग खांदा. सायलेन्सर लावला की दणका कमी बसतो. माझा खांदा आता पूर्वीचा राहिला नाही. शिवाय दणक्याच्या भीतीनं माणूस चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो, नेम जातो, हरीण जखमी होऊन पळतं, आणि मग दिवसभर रक्ताचे थेंब शोधत दलदलीतून हिंडायचं.

ड्वेन: तुम्ही अंग चोरत नाही.

मेल्विन: मी नाही. पण नवशिक्या चोरतो. आणि नवशिक्याला काही सांगायचं झालं, थांब म्हणा, नळी खाली कर म्हणा, तर त्याला ते ऐकू यायला नको? कानावर मोठी झाकणं घातली तर तो जंगलही ऐकत नाही आणि आपल्यालाही.

ड्वेन: बाबा, इतकं सलग तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा बोलला नव्हता. लिहून आणलंय का?

मेल्विन: नाही.

बेव्हरली: बियाण्यांच्या कॅटलॉगच्या मागे लिहिलंय. सकाळपासून पेन्सिल चावतोय. शेवटचं कारण दोनदा खोडलंय.

ड्वेन: शेवटचं काय आहे?

मेल्विन: तुमच्याकडे बर्फ वितळलं का?

ड्वेन: वितळलं. शेवटचं कारण काय आहे, बाबा? कुठला नवशिका येतोय तुमच्याकडे?

मेल्विन: अनिकानं आजीला पत्र लिहिलंय.

ड्वेन: वाटलंच मला.

मेल्विन: छान अक्षर आहे पोरीचं. लिहिलंय, पंधरा नोव्हेंबरला आमच्या इथे शाळा चालू असते, तुमच्याकडे हरणांच्या शिकारीची सुट्टी असते, हे अन्यायाचं आहे.

ड्वेन: ती येणार नाही. ख्रिसमसला सांगितलंय मी तुम्हाला.

मेल्विन: सांगितलंस.

ड्वेन: तेव्हा तुम्ही उठून लाकडं आणायला गेलात.

मेल्विन: लाकडं संपली होती.

बेव्हरली: भरपूर होती.

ड्वेन: आणि आता तुम्हाला वाटतंय की बंदुकीच्या तोंडाला एक डबडं बसवलं, की मी मुलीला गाडीत घालून पाठवून देईन.

मेल्विन: डबडं चांगलं आहे. टायटॅनियमचं. वजनाला काहीच नाही.

ड्वेन: बाबा.

मेल्विन: सिनेमात दाखवतात तसं शिंक आल्यासारखं वाजत नाही, हे आधीच सांगतो. जोरात दार आपटल्याइतका आवाज येतोच. पण कान शाबूत राहतो.

ड्वेन: कान शाबूत राहतो.

मेल्विन: हो.

ड्वेन: हे तुम्ही मला सांगताय.

मेल्विन: हो.

ड्वेन: ठेवतो मी फोन. दुकानात माणसं आहेत.

बेव्हरली: ड्वेन, फोन ठेवशील तर माझ्याशी गाठ आहे. मेल्विन, दवाखान्याचं सांग.

मेल्विन: सांगणारच होतो.

बेव्हरली: जानेवारीपासून सांगणारच आहेस.

ड्वेन: कसला दवाखाना? काय झालंय?

मेल्विन: काही नाही. कान तपासले. तुझ्या आईचं म्हणणं पडलं की टीव्हीचा आवाज पार प्रिसिलाच्या घरी जातो.

बेव्हरली: जातो.

मेल्विन: तिथल्या मुलीनं मला एका छोट्या खोलीत बसवलं. डोक्यावर ते यंत्र घातलं, हातात बटण दिलं. म्हणाली, आवाज आला की दाबा. मी बसलो. वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ती दार उघडून म्हणाली, झालं. मला वाटलं होतं अजून सुरूच व्हायचंय.

ड्वेन: हं.

मेल्विन: मी तिला म्हटलं, यात नवल नाही, आमच्या घराण्यातच आहे. लाहती माणसांचा डावा कान साठीपर्यंत जातो. माझ्या बापाचा गेला. आजोबांचा गेला. हेन्रीकाकाचा पन्नाशीतच गेला. रक्तातच आहे ते.

ड्वेन: लहानपणापासून ऐकत आलोय.

मेल्विन: ती म्हणाली, आणि बायकांचा? मी म्हटलं, बायकांचे कान चांगले आहेत, फारच चांगले आहेत. ती म्हणाली, तुम्ही शिकार कुठून करता? मी म्हटलं, खोपीतून. लाकडी खोपी आहे, वर पत्रा, समोर एक खिडकी. आजोबांनी बांधलेली. ती म्हणाली, बंद खोपीत बंदूक झाडता? म्हटलं, थंडी असते. मग ती म्हणाली, त्या खोपीत लहान मूल कुठे बसतं?

ड्वेन: खिडकीपाशी.

मेल्विन: खिडकीपाशी. छोट्या खुर्चीवर, नळीच्या बाजूला. कारण पोराचे डोळे चांगले असतात, हरीण पहिल्यांदा त्यालाच दिसतं. मानाची जागा आहे ती. बापानं मला अकराव्या वर्षी तिथे बसवलं. आजोबांनी बापाला. ती लिहून घेत होती. मग लिहायची थांबली.

ड्वेन: काय म्हणाली?

मेल्विन: म्हणाली, मिस्टर लाहती, हे रक्तात नाही. खुर्चीत आहे.

बेव्हरली: चार पिढ्या. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला तर वाटायचं, लग्न झालं की आपोआप जात असेल.

मेल्विन: मग तिनं विचारलं, तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसलं. मी म्हटलं, एक जण बसला. मुलगा. तिनं विचारलं, त्याचे कान कसे आहेत? म्हटलं, माहीत नाही, तो डोळे तपासतो.

ड्वेन: मी आत्ता फोन कुठल्या कानाला धरलाय, सांगू?

मेल्विन: उजव्या.

ड्वेन: उजव्या. कायम उजव्या. दुकानात गिऱ्हाईक डाव्या बाजूनं आलं तर मी आधी आरशात बघतो. अनिका लहान होती तेव्हा रात्री रडली तर कॅरनलाच कळायचं. मी उजव्या कुशीवर झोपलो की मला काही पत्ता नसायचा. तिला वाटायचं मी ढोंग करतोय.

मेल्विन: आईनं सांगितलं थोडंफार.

ड्वेन: आईनं बोटीचंही सांगितलं का?

मेल्विन: कुठल्या बोटीचं?

बेव्हरली: ते नाही सांगितलं.

ड्वेन: सांग मग.

बेव्हरली: तू सांग. तुझं आहे ते.

ड्वेन: बारावी झाल्यावर मी डुलुथच्या बंदरावर गेलो होतो, आठवतंय? वॉल्टरमामानं त्याच्या कप्तानाला सांगून ठेवलं होतं. लोहखनिजाच्या बोटीवर खलाशी म्हणून घेणार होते. पुढे परीक्षा देऊन अधिकारी होता आलं असतं. मी सहावीपासून सगळ्या बोटींची नावं पाठ केली होती. लांबी-रुंदीसकट.

मेल्विन: आठवतंय. तू दोन दिवसांत परत आलास.

ड्वेन: पहिल्या दिवशी तब्येतीची तपासणी होती. तिथल्या डॉक्टरनं डाव्या कानामागे घड्याळ धरलं आणि विचारलं, काय वाजतंय. मी म्हटलं, शिट्टी. कारण मला शिट्टीच ऐकू येत होती. तो हसला. मग त्यानं यंत्र लावून बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, धुक्यात भोंगा कुठल्या बाजूनं आला हे तुला कळणार नाही, पोरा. बोटीवर घेता येणार नाही.

मेल्विन: तू म्हणाला होतास, काम आवडलं नाही.

ड्वेन: म्हणालो होतो.

मेल्विन: मी कॅम्पवर सगळ्यांना सांगितलं, पोराला पाण्याची भीती वाटते.

ड्वेन: मी तिथेच होतो. चुलीपाशी बसलो होतो. सगळे हसले.

मेल्विन: मीही हसलो.

ड्वेन: तुम्ही सगळ्यात जास्त.

मेल्विन: बेव्ह, तुला माहीत होतं हे?

बेव्हरली: अठ्ठावीस वर्षं.

मेल्विन: बोलली नाहीस.

बेव्हरली: त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, बाबांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. अठरा वर्षांचा होता गं बाई माझा लेक, आणि बापाला वाईट वाटेल म्हणत होता. मला तेव्हाच तुझ्या डोक्यात तवा घालायला हवा होता.

ड्वेन: बाबा? आहात का?

मेल्विन: आहे.

ड्वेन: बोला काहीतरी.

मेल्विन: तू अकराचा होतास, त्या दिवशी खोपीत बार झाल्यावर म्हणालास, कानात शिट्टी वाजतेय.

ड्वेन: म्हणालो.

मेल्विन: मी म्हटलं, जेवणापर्यंत जाईल.

ड्वेन: हो.

मेल्विन: गेली नाही.

ड्वेन: नाही. आत्ताही वाजतेय.

मेल्विन: मला वाटलं गेली. तू परत काही बोलला नाहीस.

ड्वेन: तुम्ही परत विचारलं नाहीत. आठ टोकांच्या शिंगांचं हरीण पडलं होतं. सगळे येऊन बघत होते. सगळ्यांना तुम्ही सांगत होतात, पोरानं पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं, आता कुठे कान घेऊन बसायचं.

मेल्विन: ती शिंगं अजून गॅरेजमध्ये आहेत.

ड्वेन: माहीत आहे.

मेल्विन: माझी चूक झाली, ड्वेन. आजोबांची नाही, बापाची नाही. त्यांनी केलं ते केलं. तुला खुर्चीवर मी बसवलं आणि विचारलं मी नाही. हेच कॅटलॉगच्या मागे लिहिलं होतं. लिहिलं तर बरोबर दिसेना, म्हणून खोडलं.

बेव्हरली: दोनदा.

ड्वेन: आई, रडतेयस का?

बेव्हरली: कांदा चिरतेय.

मेल्विन: पेस्टीच्या सारणासाठी. बुधवारी करते.

ड्वेन: बाबा, मी आत्ता अनिकाचं हो म्हणणार नाही.

मेल्विन: नको म्हणूस.

ड्वेन: तिला हरणं मारायची नाहीयेत, हे सांगून ठेवतो. तिला तुमच्या शेजारी बसून गप्प राहायचंय. तिच्या मैत्रिणीचा आजोबा तिला बोलिंगला नेतो. ती म्हणते, माझा आजोबा फक्त नोव्हेंबरमध्ये असतो.

मेल्विन: ती नोव्हेंबरमध्ये अकराची असेल.

ड्वेन: मोजलंय मी. म्हणूनच नाही म्हणालो होतो.

मेल्विन: ती खुर्ची मी काढली खोपीतून. जानेवारीतच. ती जागा रिकामी आहे. कुणी आलंच तर मागच्या बाकावर, माझ्यामागे बसेल. कानात बोळे आणि नळीला सायलेन्सर, दोन्ही. दवाखान्यातली ती मुलगी म्हणाली, दोन्ही लागतं.

ड्वेन: आणि लोक हसले तर? कॅम्पवर?

मेल्विन: हेन्रीकाकाच्या पोरानं परवा विचारलं, म्हातारपणी हे काय फॅड. मी त्याला सांगितलं.

ड्वेन: काय सांगितलंत?

मेल्विन: सगळं. खुर्चीचं, तुझ्या कानाचं. त्यानं कॉफीत साखर घातली, ढवळली. मग म्हणाला, काय म्हणालास? डावीकडे बसलो होतो मी त्याच्या. पुन्हा सांगावं लागलं.

ड्वेन: पुन्हा सांगितलंत?

मेल्विन: मोठ्यानं. हॉटेलात होतो आम्ही. सगळ्यांनी ऐकलं.

ड्वेन: तुम्ही. हॉटेलात.

बेव्हरली: खरं आहे. मला तीन बायकांचे फोन आले. एकीनं नवऱ्याची खुर्ची जाळली म्हणे.

ड्वेन: बरं. असं करू. मला आधी स्वतः ऐकायचंय. त्या सायलेन्सरबद्दल कागदावर काय छापलंय ते मला नको. मी एप्रिलमध्ये येतो, एकटा. तुम्ही मोकळ्यावर एक गोळी झाडा, मी बोळे घालून मागे उभा राहीन. त्यानंतर ठरवीन अनिकाचं. ठसे पण तेव्हाच देईन, तुमच्या त्या शेरीफच्या मुलीकडे.

मेल्विन: एप्रिलपर्यंत मिळायचा नाही तो. परवानगीचा कागद यायला ऑगस्ट उजाडेल, वकील म्हणतो.

ड्वेन: मग एप्रिलमध्ये काय झाडणार?

मेल्विन: काही नाही झाडायचं. नुसता ये.